दरवाजा कोणाच्या हुकमाने उघडतो?

१

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव उभे राहते. मला अभिप्रेत असलेले पुसेगाव ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्यातील पुसेगाव. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; पुढे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी येथून जवळ आहे आणि दक्षिणेस औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. कीर्तनाला पुढे उभे राहू दिले नाही म्हणून नामदेव देवळाच्या पिछाडीस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा इकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

दगडाचे देऊळ माणसाच्या भावनेची दखल घेऊन फिरते, ही कल्पना भाविकाला गोड वाटणारच. मला सांगायचे आहे ते मात्र लोखंडाच्या दरवाजांविषयी. हे दरवाजे भावनेची दखल घेत नाहीत, पाण्याच्या पातळीची घेतात. आणि आजवर पाणी आणि दरवाजा या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असे. तो माणूस आता हळूहळू बाजूला सरत आहे. तो सरल्यावर जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे.

विषय पुसेगावच्या परिसरातून सुरू करण्याचे कारण असे. या गावाच्या दक्षिणेस पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, येलदरी. दोन्ही धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजगृह आहे. तेथे वीज करून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरात येते आणि तेथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांना जाते. शिवाय याच टापूत, औंढ्याजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिला केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. पाणी अडवणारे जुने यंत्र आणि आकाशाची चाहूल घेणारे नवे यंत्र, ही दोन्ही एकाच तालुक्याच्या आसमंतात असावीत हा योगायोग आहे. पण यंत्रांच्या कारभारात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय पालट झाला, हे समजून घेण्यास तो फार उपयोगी आहे.

या पालटाला आज इंजिनियर मंडळी ‘सायबर-फिजिकल सिस्टीम’ असे बोजड नाव देतात. अर्थ सोपा आहे. जगातल्या एखाद्या वस्तूचे मोजमाप संवेदक घेतो, संगणक त्या मोजमापावरून काय करायचे ते ठरवतो आणि दरवाजा, झडप, मोटार किंवा आरसा त्याप्रमाणे हलतो. हलल्यावर पुन्हा मोजमाप, पुन्हा निर्णय, पुन्हा हालचाल. हे चक्र माणसाला न विचारता फिरत राहते. नाव २००६ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. वस्तू मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा एक आरंभ आपल्या पुण्याजवळ झालेला आहे.

२

इंजिनियरांच्या कारभाराचा इतिहास बहुधा बांधकामांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक धरण, इतके फूट उंच, इतका खर्च. मला तो इतिहास दुसऱ्या एका प्रश्नाच्या आधाराने वाचावासा वाटतो. पाणी केव्हा, किती आणि कोणाला सोडायचे याचा एक नियम असतो. तो नियम राहतो कोठे? तो कोणाला ठाऊक असतो? आणि तो चुकला तर जाब कोणाला विचारायचा?

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर जुनी फड पद्धती होती. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड. पाणी वाटायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागले आणि या सर्वांवर गावचे पंच. कोणत्या फडात यंदा काय पेरायचे, पाणी कोणाला आधी, तूट आली तर कोणाचे किती कापायचे, हे नियम कागदावर असोत नसोत, सगळ्या गावाच्या तोंडी असत. पाटकऱ्याने चूक केली तर संध्याकाळी त्याला शेतकऱ्यांच्या तोंडाला तोंड द्यावे लागे. पद्धतीत दोष नव्हते असे नाही. बंधाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या जमिनीला आणि भूमिहीनाला त्यात जागा नव्हती. पण नियम कोठे राहतो या प्रश्नाला तेथे सरळ उत्तर होते. तो गावात राहत असे.

इंग्रजी अमलात १८५० नंतर सार्वजनिक बांधकाम खाते निर्माण झाले, मोठी धरणे आणि लांब कालवे आले. नियम गावातून उठला आणि कचेरीत जाऊन बसला. खाली चौकीदार, त्याच्यावर कालवा निरीक्षक, शाखा अधिकारी, उपअभियंता, कार्यकारी अभियंता आणि त्यावर आणखी दोन-तीन पायऱ्या. शेतकऱ्याने नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा, शेजपाळीच्या यादीत आपले नाव कोठे आहे ते पाहायचे आणि आवर्तनाची वाट पाहत बसायचे. बातमी पायरीपायरीने वर जाई आणि हुकूम पायरीपायरीने खाली येई. विचार करणारा वेगळा आणि हात चालवणारा वेगळा, ही जी विभागणी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९११ साली कारखान्यांसाठी शास्त्र म्हणून मांडली, ती आपल्याकडच्या कालव्यांवर त्याच्या आधीपासूनच नांदत होती.

या व्यवस्थेची निंदा करणे आज सोपे आहे. तिचा एक गुण विसरता कामा नये. प्रत्येक पायरीवर एक सही होती. दरवाजा उघडला तर तो अमक्याच्या हुकमाने उघडला हे वहीत सापडत असे.

३

या पायऱ्यांच्या व्यवस्थेतच असा एक इंजिनियर निघाला, की ज्याने दरवाजालाच नियम शिकवला.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरकडचे; पण त्यांचे इंजिनियरिंगचे शिक्षण पुण्यात झाले आणि १८८४ साली त्यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीस आरंभ केला तो नाशिकला. खडकवासल्याचे तळे तेव्हा पुण्याला आणि आसपासच्या शेतीला पाणी पुरवीत असे. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात कमी पडे. धरण उंच करावे तर खर्च मोठा आणि पाया ते वजन पेलील की नाही याची शंका. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवून सुमारे ८ फूट अधिक पाणी अडवण्याची युक्ती काढली. पण साधे दरवाजे बसवले असते तर रात्री-अपरात्री पूर आला असता ते उघडायला माणूस वेळेवर पोचेलच याची खात्री नव्हती. आणि न पोचला तर सगळे धरण धोक्यात. म्हणून त्यांनी १९०३ साली तेथे स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीला आले की ते एका हौदात शिरे, तेथल्या वजनांचा तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरला की ते आपोआप मिटत. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, परंतु त्याबद्दल सरकारकडून मानधन घेण्याचे नाकारले, कारण ते दरवाजे त्यांनीच सरकारी कामावर योजले होते. हाच प्रकार पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही आला.

येथे मोजमाप, निर्णय आणि हालचाल ही तिन्ही कामे यंत्र करीत होते. संगणक नव्हता, वीज नव्हती. तरी चक्र पुरे होते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नियम आता लोखंडात राहत होता, आणि लोखंड डोळ्यांना दिसते. हौदाची कड कोठे आहे, वजन किती आहे, साखळी कशी जाते, हे कोणाही शहाण्या मिस्त्रीला पाहून समजू शकत होते. नियम बदलायचा तर पान्हा आणि छिन्नी घेऊन चार माणसांनी दिवसाढवळ्या बदलावा लागला असता.

विश्वेश्वरय्यांचा आणि मराठवाड्याचा संबंधही येथे सांगून ठेवतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडवली, हजारो माणसे दगावली. तेव्हा निजाम सरकारने या इंजिनियराला बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पूर थोपवणारी जलाशये बांधावीत, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा होता. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे त्यातून झाले. पूर रोखायचा तर वर काय चालले आहे हे खाली आधी कळले पाहिजे, हे सूत्र ज्या राज्यात पुसेगाव होते त्या राज्याच्या राजधानीने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले होते.

४

हे सूत्र महाराष्ट्राने पुन्हा एकदा शिकून घेतले, तेही पुण्यातच. १२ जुलै १९६१ ची सकाळ आजही पुण्याच्या जुन्या घराण्यांत तारीख म्हणून सांगितली जाते. पानशेतचे धरण पुरे होण्यापूर्वीच त्यात त्या पावसाळ्याचे पाणी साठू दिलेले होते. पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीच्या दरवाजांचे काम पुरे झालेले नव्हते. मोरीला इजा झाली, तिच्यावरचा मातीचा बांध खचू लागला. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी बांध फुटला. त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फुटले आणि पाणी शहरात शिरले. विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते, वयाच्या शंभरीच्या आसपास होते. ज्या तळ्यावर त्यांनी दरवाजाला शहाणे केले होते, त्याच तळ्याची भिंत अशा रीतीने गेली.

या दुर्घटनेची चौकशीही सरळ झाली नाही. पहिले चौकशी-आयुक्त न्या. बावडेकर यांचा चौकशी चालू असतानाच दुःखद अंत झाला आणि न्या. नाईक यांच्याकडे ते काम गेले. त्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की बांध खचतो आहे हे धरणावरच्या माणसांना आदल्या दिवशी डोळ्यांनी दिसत होते. मोजमापाची उणीव नव्हती. उणीव होती ती दिसलेल्या गोष्टीचे वेळेवर हुकमात रूपांतर होण्याची. पोती रचण्याचा हुकूम निघाला; शहराच्या नदीकाठाने घरे रिकामी करावीत हा हुकूम लोकांपर्यंत वेळेवर पोचला नाही. पायऱ्यांच्या व्यवस्थेत बातमी वर चढताना तिच्यातले भय कमी होत जाते, आणि हुकूम खाली येताना त्यातली घाई कमी होत जाते. पुढे ज्यांनी ज्यांनी संगणकाची बाजू मांडली, त्यांचा सर्वांत बळकट पुरावा पानशेतसारख्या घटना हाच होता. पायऱ्याच काढून टाका, पाण्याला सरळ दरवाजाशी बोलू द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

५

या म्हणण्यामागे एक शास्त्रही तयार होत होते. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला वेग आवरणारा गव्हर्नर बसवला. मॅक्सवेलने १८६८ साली त्या गव्हर्नरांचे गणित मांडले. आणि १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने या सर्व स्वयंनियंत्रणाला ‘सायबरनेटिक्स’ असे नाव दिले. सुकाणू धरणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते त्याने घेतले. हा वीनर १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिला होता. ‘सायबर’ हे अक्षर आज आपण वर्तमानपत्रात चोरी-फसवणुकीच्या बातम्यांत वाचतो. मुळात त्यात नावाड्याचे सुकाणू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रात हे सुकाणू पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मराठवाड्यातच माजलगाव प्रकल्पाच्या कालव्यावर स्वयंचलित नियमनाचा प्रयोग हाती घेण्यात आला होता. पण ती सर्व कालव्यांची रीत होऊ शकली नाही. २००६ ते २०१४ या काळातल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पातळी स्वतः मोजून पाठवणारी केंद्रे बसली, आणि त्या आकड्यांवरून पुढचा पूर वर्तवणारी गणिते पुण्यात मांडली जाऊ लागली. शेजारी कर्नाटकात, पूर्वीच्या निजामी मुलखातच मोडणाऱ्या यादगीर भागात, नारायणपूर डाव्या कालव्याच्या नूतनीकरणात संगणकाच्या हुकमाने चालणारे दरवाजे बसवले गेले. त्या कामाचे उद्घाटन जानेवारी २०२३ मध्ये झाले. सिद्धेश्वर-येलदरीचे दरवाजे यंत्राच्या स्वाधीन झाले आहेत असे मी म्हणत नाही. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते स्पष्ट आहे.

या पालटाने इंजिनियराच्या कारभारात नेमके काय बदलते? मला तीन गोष्टी मुख्य वाटतात.

पहिली गोष्ट निर्णयाच्या वेळेची. पूर्वी निर्णय पावसाळ्याच्या रात्री, धरणावर, कंदिलाच्या उजेडात होत असे. आता यंत्र निर्णय घेते असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. पाणी अमुक पातळीला आले की दरवाजा इतका उघड, हे कोणीतरी उन्हाळ्यात, पंख्याखाली बसून लिहून ठेवलेले असते. यंत्र त्या हुकमाची फक्त अंमलबजावणी करते. निर्णय पावसाळ्यातून उन्हाळ्यात गेला आहे. म्हणून खरी परीक्षा पुराच्या रात्री नव्हे, नियम लिहिण्याच्या दिवशी असते. आणि त्या दिवशी टेबलाभोवती कोण कोण बसले होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट कामाच्या शेवटाची. धरण एकदा बांधून होते. फीत कापली जाते, हिशेब मिटतो, बांधणारा इंजिनियर दुसऱ्या कामावर जातो. आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, कधीच बांधून होत नाही. संवेदकावर गाळ बसतो, बॅटरी उतरते, तार उंदीर कुरतडतो, आज्ञावलीची नवी आवृत्ती येते. बांधकामावर कोट्यवधी खर्चणारे आणि देखभालीला हात आखडणारे आपले खाते या जातीच्या यंत्राला मानवत नाही. येथे देखभाल हेच बांधकाम आहे. त्याचप्रमाणे स्थापत्याचा इंजिनियर मुख्य आणि बाकीचे पाहुणे, ही उतरंडही टिकत नाही. वीज, संदेशवहन आणि संगणक जाणणारे एकाच कचेरीत, एकाच दर्जाने बसावे लागतात.

तिसरी गोष्ट नियमाच्या वस्तीची. गावातून कचेरीत, कचेरीतून लोखंडात गेलेला नियम आता आज्ञावलीत जाऊन राहिला आहे. लोखंड दिसत होते. आज्ञावली दिसत नाही. बरेचदा ती खात्यातल्या कोणालाही वाचता येत नाही. ती पुरवणाऱ्या ठेकेदारालाच काय ती ठाऊक असते. ऑस्ट्रेलियातील मरूची या भागात २००० साली असे झाले, की सांडपाण्याची नियंत्रणयंत्रणा बसवण्याच्या कामावर पूर्वी असलेल्या एका असंतुष्ट माणसाने बिनतारी संदेशाने पंपांना खोटे हुकूम दिले आणि लाखो लिटर घाण पाणी ओढ्यांत आणि उद्यानांत सोडले. पंपांनी कुरकुर केली नाही. हुकूम कोणाचा हे विचारण्याची रीत त्यांना कोणी शिकवलेलीच नव्हती.

६

पायऱ्या काढून टाकल्या म्हणजे पानशेत टळेल, असे मानणाऱ्यांनी आणखी एक धरण पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मिसूरी राज्यात टॉम सॉक नावाचे जलविद्युत केंद्र आहे. डोंगराच्या माथ्यावर एक जलाशय, खाली दुसरा. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, दिवसा खाली सोडून वीज करायची. वर पाणी किती झाले हे संवेदक सांगत आणि भरत आले की पंप आपोआप थांबत. माथ्यावर माणूस ठेवण्याची गरज नव्हती.

१४ डिसेंबर २००५ रोजी पहाटे पाच वाजून गेल्यावर पंप थांबले नाहीत. संवेदक ज्या नळ्यांत होते त्या नळ्या आपल्या जागेवरून सुटून वाकल्या होत्या, त्यामुळे पाणी होते त्याहून कमी दिसत होते. शेवटचा उपाय म्हणून बसवलेले दुसरे संवेदक भिंतीच्या सर्वांत खालच्या भागापेक्षाही उंच लावलेले होते. म्हणजे ते ओले होण्यापूर्वीच पाणी भिंतीवरून वाहणार होते. तसेच झाले. भिंत फुटली आणि सुमारे अर्ध्या तासात जलाशय रिकामा झाला. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकाचे घर, त्याची बायको आणि तीन मुले यांच्यासह वाहून गेले. ते सगळे वाचले ते नशिबाने.

येथे बातमी पायऱ्या चढताना रेंगाळली नाही, पायऱ्याच नव्हत्या. यंत्राने मिळालेल्या आकड्यावर क्षणात, निमूटपणे काम केले. आकडाच खोटा होता. पण खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. संवेदक चुकतो आहे हे त्या कंपनीच्या इंजिनियरांना कित्येक आठवडे आधी कळलेले होते. सप्टेंबरात पाणी भिंतीवरून सांडताना लोकांनी पाहिले होते. त्यांनी आज्ञावलीत दोन फुटांची सूट टाकली आणि नळ्यांची दुरुस्ती पुढच्या ठरलेल्या बंदपर्यंत लांबणीवर टाकली.

पानशेत आणि टॉम सॉक यांच्यामध्ये ४४ वर्षांचे अंतर आहे. एकीकडे वाळूची पोती, दुसरीकडे संगणक. तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: माणसाला ठाऊक होते. पानशेतला ठाऊक असलेली गोष्ट हुकूम होऊन शहरात पोचली नाही. टॉम सॉकला ठाऊक असलेली गोष्ट हुकूम होऊन पंपापर्यंत पोचली नाही. यंत्र बदलल्याने बातमी आणि हुकूम यांतले अंतर मिटत नाही. ते दुसऱ्या जागी जाते. ते अंतर शोधून काढणे आणि मिटवणे हेच इंजिनियराच्या कारभाराचे काम आहे. ते काम कालही माणसाचे होते, आजही माणसाचेच आहे.

आपल्याकडचाच दाखला हवा असेल तर २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराकडे पाहावे. कृष्णा खोऱ्यात मोजणारी केंद्रे बसून काही वर्षे झाली होती. तरी पूर ओसरल्यावर वाद झाला तो कोणत्या धरणातून पाणी केव्हा सोडायला हवे होते, यावर; आणि शासनाला वडनेरे समिती नेमावी लागली. आकडे होते म्हणून वाद टळला नाही. नियम कोणाचा होता, हे लोकांना आधी ठाऊक नव्हते.

७

आता पुन्हा पुसेगावच्या दक्षिणेस येऊ. लायगो जातीची वेधशाळा म्हणजे या प्रकारच्या यंत्राचे टोक समजावे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना प्रत्येकी ४० किलोचे टांगलेले आरसे आणि त्यांच्यामधून फिरणारा लेसरचा किरण. विश्वाच्या दूर कोपऱ्यात कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की येथे नळीच्या लांबीत जो फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. तो टिपायचा तर आरसे अखंड मोजत राहावे लागतात, अखंड सावरत राहावे लागतात. हे काम माणसाच्या हाताचे नव्हेच. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत यंत्राला स्थिर करून ठेवण्याच्या पायऱ्या एक आज्ञावलीच चढत असते; माणूस तिच्यावर नजर ठेवतो, पाळीची नोंदवही लिहितो आणि काही बिघडले की कारण शोधतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली. बातमी ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी भारत सरकारने आपल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली.

या यंत्राच्या इतिहासातला एक प्रसंग हिंगोलीकरांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेच्या भोवती पाइनची राने आहेत. तेथे दिवसा लाकूडतोड चाले, जवळून मालगाड्या जात. त्या हादऱ्यांनी आरसे इतके डळमळत, की आरंभी काही वर्षे दिवसा काम करणेच कठीण होई. लाकूडतोड्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता; रान त्यांचे होते. अखेर २००४ मध्ये जमिनीचा हादरा मोजून उलट दिशेने ढकलणारी जलदाबाची यंत्रे बसवली, तेव्हा कोठे दिवस मोकळा झाला. म्हणजे शेजाऱ्याची कुऱ्हाड हीदेखील त्या यंत्राचाच एक भाग होऊन बसली होती.

औंढ्याजवळ असेच होणार आहे. जमीन शांत आहे, मोठे कारखाने नाहीत, वर्दळ कमी आहे, हे गुण पाहून जागा निवडली जाते. ज्याला आपण इतकी वर्षे मागासलेपण म्हणत आलो, तोच येथे गुण ठरला. ही जमीनही अगदी निश्चल नाही. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा माणसे घराबाहेर आली होती. यंत्र ते हादरे मोजील आणि सोशील. पण उद्या शेजारून नवा रस्ता निघाला, खडीचे क्रशर आले, तर कोणी कोणासाठी थांबायचे? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही. तो फडातल्या पाणीवाटपाच्या जातीचा प्रश्न आहे, आणि तो पंचांसारखा, सगळ्यांना समोर बसवूनच सोडवावा लागेल.

धरणांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. येलदरीचे दरवाजे उघडले की सिद्धेश्वराला आपले उघडावे लागतात. ते पाणी पूर्णेतून गोदावरीत जाते आणि नांदेडच्या घाटाला लागते. त्या दरवाजांना उद्या संगणक जोडला जाईल. जोडावाही, कारण पावसाळ्याच्या रात्री पायऱ्या चढत बसणाऱ्या बातमीची किंमत आपण दोनदा मोजलेली आहे. परंतु जोडताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात. दरवाजा कोणत्या पातळीला किती उघडेल तो नियम साध्या मराठीत लिहून नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला जावा. त्या नियमाखाली एका जबाबदार इंजिनियराची सही असावी, आणि नियम बदलला की नवी सही, नवी तारीख पडावी. आणि संवेदक चुकतो आहे असे ज्या चौकीदाराला प्रथम दिसेल, त्याला यंत्र थांबवण्याचा अधिकार असावा, आणि थांबवल्याबद्दल त्याची चौकशी होऊ नये.

यांतली एकही गोष्ट महाग नाही. तिला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. फडाच्या पाटकऱ्याला हे सगळे ठाऊक होते: नियम सर्वांना माहीत असावा, चुकल्यास विचारता येईल असा माणूस गावात असावा आणि बांध खचताना ज्याला दिसतो त्याने ओरडावे. खडकवासल्याच्या दरवाजाला विश्वेश्वरय्यांनी पाणी ओळखायला शिकवले, पण त्या दरवाजाचा नियम त्यांनी आपल्या नावावर ठेवला होता. नव्या दरवाजांवरही कोणाचे तरी नाव असले पाहिजे. सिद्धेश्वराच्या खाली नदीकाठी झोपणाऱ्या माणसाला रात्री पाणी का वाढले हे सकाळी विचारण्याचा हक्क आहे, आणि ‘संगणकाने सोडले’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.